चूलबंद आवतन आणि मठ्ठ्याचा हिशेब

वाचकांचे प्रश्न, मांडववाल्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. माझ्या मुलीचं लग्न मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गावीच आहे. वावराला लागून मोकळी जागा आहे, तिथं मांडव टाकतो आहोत. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांचा. साडेतीनशे पत्रिका छापल्या, त्यातल्या ११० गावात, चूलबंद आवतन, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवणाचं बोलावणं. वरात वणीकडून येणार, इवाई, म्हणजे व्याही, दीडशे माणूस म्हणतात. आचाऱ्यानं भाजी, पोळी, बुंदीचा हिशेब दिला, पण पाणी, मठ्ठा, कोल्ड्रिंक विचारलं तर म्हणतो, ‘ते तुम्ही पाहून घ्या.’ भाऊ म्हणतो, सगळ्यांना कोल्ड्रिंक द्या अन् मोकळे व्हा. एवढा खर्च माझ्याच्यानं होत नाही. उरलं तर पैसा पाण्यात, नाही पुरलं तर नाक कापल्या जाते. नेमकं किती घेऊ?
— एक वधूपिता, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पत्रिका किती छापल्या ते मागाहून पाहू. आधी तुमचा मुहूर्त. आमचं दारव्हा-दिग्रस रस्त्यावर बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, पंखे घरची माणसं पाहतात. गंज म्हणजे मोठाली पातेली, गिलास, पाण्याच्या टाक्या आणि वाढपी माझ्याकडे. त्या धंद्यातून सांगते, मे महिन्यात ११.४७ चं लग्न दीडच्या आत लागत नाही. वरात तिकडून निघायलाच उशीर करते. मग जानोशावर, म्हणजे वरात उतरते तिथं, चहा-नाश्ता, मग नवरदेव मारुतीच्या पाया पडायला, मग डीजे. एकदा पोरं नाचायला लागली की नवरदेवाच्या बापाचंही कोणी ऐकत नाही. तेवढा वेळ बाहेरगावचे पाहुणे मांडवात बसून पत्रिकेनंच वारा घेतात आणि पाणी पितात. म्हणून मी पाणी माणशी धरत नाही, तासाला माणशी एक गिलास धरते. ऊनही साधं नाही. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, तुमची तारीख त्याच्या अगदी तोंडावर. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तोही याच दिवसांत.

आता माणसं. ११० घरं चूलबंद, घरटी चार धरली तर ४४०. त्यातलं कोणी म्हशीपाशी थांबेल, कोणाचा पोरगा पुण्याला कंपनीत असेल, एखाद्या घरचं तुमच्याशी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, वाकडं असेल. ४०० धरा. राहिल्या बाहेरगावच्या २४० पत्रिका. मे महिन्यात एका तिथीवर तीन-तीन लग्नं असतात, त्यामुळे निम्म्या पत्रिका येतात, पण येणारा एकटा येत नाही, जोडीनं येतो. म्हणजे पुन्हा २४०. वरातीचं म्हणाल तर इवाई दीडशे म्हणाले की आपण दोनशे समजायचं. दोन ट्रॅव्हल्स मोजलेल्या असतात, मागून येणाऱ्या मोटारसायकली कोणीच मोजत नाही. झाले ८४०.

आणि एक घोळका असा असतो, जो कोणाच्याच यादीत नसतो. बँडवाले, डीजेवाला आणि त्याची पोरं, लाइटवाला, ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर, आचारी, त्याच्या हाताखालच्या बाया, वाढपी, आमचे मांडवाचे गडी. हे साठेक जण सकाळी सातपासून उन्हात किंवा भट्टीपाशी असतात आणि मांडवातल्या कोणाहीपेक्षा जास्त पाणी पितात. यांच्यासाठी माणशी दहा गिलास धरायचे, कमी नाही. बँडवाल्याला चक्कर आली तर वरात तिथंच खोळंबते, हे वरपक्षाला कळत नाही, पण वधूपित्याला कळायला पाहिजे. एकूण ९०० माणूस.

पाण्याचा हिशेब आता सोपा आहे. बाहेरगावचे आणि वरातीतले मिळून ४४०. सकाळी दहापासून चारपर्यंत सहा तास, तासाला दोनशे मिलीचा एक गिलास, म्हणजे ५३० लिटरच्या आसपास. गावातले ४०० जण घरून पाणी पिऊन, बरोबर पंगतीच्या वेळेला येतात. त्यांना जेवणासोबत तीन गिलास, २४० लिटर. कामाची माणसं १२० लिटर. बेरीज ८९० लिटर. थंड पाण्याची कॅन वीस लिटरची म्हणून विकतात, पण बर्फासाठी आणि झाकणाखाली जागा सोडलेली असते. मी अठराच धरते. त्या मापानं पन्नास कॅन. लग्न दीडच्याही पुढं गेलं तर दर तासाला आणखी पाच. म्हणून कॅनवाल्याशी असं बोला : सकाळी नऊला तीस, बाराला वीस, आणि दहा कॅन त्याच्या गाडीत भरून तयार, फोन केला तर आणायच्या, नाही केला तर त्याच्या त्याच्या. पन्नासच्या पन्नास सकाळीच उतरवून घेऊ नका. दुपारी दोनला त्यातलं पाणी अंगावर घ्यायच्या लायकीचं होते.

हात धुवायला, भांड्यांना, स्वयंपाकाला हे पाणी नाही. त्याच्यासाठी ट्रॅक्टरचा एक टँकर आदल्या संध्याकाळीच उभा करा आणि टाकीवर गोणपाट टाकून ते ओलं ठेवा. हात धुवायच्या टाकीला तोटी लावा. गडव्यानं, म्हणजे तांब्यानं, पाणी घेऊ दिलं तर पहिल्या दोन पंगतींतच टँकर खाली होतो.

कॅन कुठं ठेवता यावरही किती पाणी लागेल ते ठरते. बहुतेक मांडवात सगळ्या कॅन दाराशी एका रांगेत ठेवतात. तिथं पोरांची गर्दी, निम्मं पाणी जमिनीवर, आणि आत बसलेल्या म्हाताऱ्या बाया गर्दीत घुसायचं नाही म्हणून तहानलेल्याच. तीन ठिकाणं करा : एक दाराशी, एक बायकांच्या बैठकीशेजारी, एक पंगतीच्या मागं. बायकांच्या बाजूला एक पोरगी ट्रे घेऊन फिरती ठेवा. आणि चौथं, मंडपाच्या मागच्या बाजूला भट्टीपाशी, वाळा टाकलेला एक रांजण कामाच्या माणसांसाठी. घामेजून आलेल्या माणसाला माठाचं पाणीच बरं लागते, कॅनमधलं बर्फगार पाणी त्याच्यानं दोन घोटांपुढं पिववत नाही.

गिलासांचं थोडक्यात. पंगतीला स्टीलचे, बाहेर कागदी. कागदी गिलास माणूस दर वेळी नवा घेतो, त्यामुळे तीन हजारांवर लागतील. प्लास्टिकचे आणि थर्माकोलचे आणू नका, राज्यात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे. पाण्याच्या छोट्या बाटल्यांचा आग्रह कोणी केला तर त्याला दुसऱ्या दिवशी मांडव झाडायला बोलवा. अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या किती निघतात ते त्यालाच दिसेल.

आता मठ्ठा. यातच तुमचं खरं नाव राहणार आहे, कारण आलू-वांग्याच्या तिखट भाजीवर बुंदी आणि बुंदीवर मठ्ठा, हे जेवण आपल्याकडं कोणी विसरत नाही. मठ्ठा दीडशे मिलीच्या गिलासात द्या, मोठ्या नाही. लहान पोरं घेत नाहीत, काही जण दोनदा मागतात. ९०० माणसांत १०८० गिलास जातात असं धरा. म्हणजे १६० लिटर. आता कोणी म्हणेल १६० लिटरला पन्नास-पंचावन्न लिटर दही. मी पंचेचाळीस सांगते. कारण त्यात पंचवीस किलो बर्फ पडणार आहे आणि तो विरघळून पाणीच होणार आहे. नव्वद लिटर पाणी, पंचेचाळीस लिटर दही, पंचवीस किलो बर्फ. बरेच आचारी आधी पाणी घालून मठ्ठा बरोबर पातळ करतात, मग वरून बर्फ टाकतात, आणि तिसऱ्या पंगतीला लोकांना नुसतं मिठाचं पांढरं पाणी मिळते. बर्फ पाण्याच्या हिशेबात धरायचा, वरचा म्हणून नाही.

पंचवीस किलो कुठून आला तेही सांगते. शंभर लिटर पाणी, मठ्ठा काहीही असो, मांडवातल्या गरमीपासून प्यायला बरं वाटेल इतकं थंड करायला वीस किलोच्या आसपास बर्फ लागतो, गंजाभोवती गोणपाट असेल तर. उघडा गंज उन्हात ठेवला तर मग किती टाकावा त्याला माप नाही. मठ्ठ्याला मीठ किलोभर, भाजून कुटलेलं जिरं पाव किलो, आलं अर्धा किलो, हिरवी मिरची चवीपुरती आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. मीठ एकदम टाकू नका, बर्फ विरघळल्यावर चाखून मग उरलेलं टाका.

बर्फ कोणता आणता ते स्वतः पाहा. मासळी, औषधं वगैरे थंड ठेवायचा बर्फ खाण्याचा नसतो आणि तो ओळखू यावा म्हणून निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. पण बिनरंगाचा आहे म्हणून तो खायचाच आहे असं नाही, विकणाऱ्याला तोंडावर विचारायचं. मठ्ठ्यात आणि पन्ह्यात टाकायचा पिण्याच्या पाण्याचाच हवा. बाहेरून बाटल्या थंड करायला दुसरा चालेल, पण दोन्ही एकाच टबात ठेवू नका, पोरं उचलून तोंडात टाकतात.

सगळ्या १६० लिटरचा मठ्ठा एकाच वेळी करायचा नाही, हे आचाऱ्याला दम देऊन सांगा. दही घुसळून, पाणी न घालता, झाकून सावलीत ठेवायचं. पहिल्या पंगतीला तिसरा हिस्सा मठ्ठा करायचा, संपत आला की पुढचा. ४५ डिग्रीत पाणी घातलेला मठ्ठा दोन-तीन तासांत आंबट होतो. दही उरलं तर दुसऱ्या दिवशी घरच्या पाहुण्यांना कढी. मठ्ठा उरला तर तो म्हशीला.

वरातीच्या स्वागताला कोल्ड्रिंकऐवजी पन्हं द्या. हे मी तुमचा खर्च वाचवायला सांगत नाही, जरी वाचतो. पन्ह्यानं उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला असतो तो जाग्यावर येतो. गावरान कैऱ्या मे महिन्यात वाऱ्यानं पडलेल्या मिळतात, पण त्या आदल्याच दिवशी वेचा, चार दिवसांच्या पडलेल्या नको. वरात आणि बाहेरगावचे मिळून ४४० जणांना दीडशे मिली म्हणजे ६६ लिटर. एक किलो कैरीत पाच लिटर पन्हं होते, म्हणून १४ किलो कैरी आणि १२ किलो गूळ. कैरी फार आंबट असेल तर किलोभर गूळ हाताशी जास्तीचा. कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ-वेलची घालून घट्ट बलक आदल्या रात्रीच करून ठेवा. पाणी आणि १२ किलो बर्फ वरात वेशीत आली असा फोन आल्यावर. बलकही उरला तर खराब होत नाही, फ्रिजमध्ये राहतो आणि मांडवपरतणीच्या पाहुण्यांना कामी येतो.

आता तुमचे भाऊ. ९०० जणांना दीडशे मिली कोल्ड्रिंक म्हणजे १३५ लिटर, सव्वादोन लिटरच्या साठ बाटल्या. पैसा बाजूला ठेवा. गावात साठ बाटल्या एकाच वेळी थंड करायला फ्रिज कोणाकडं आहे? गरम बाटली उघडली की निम्मा गिलास फेसच, आणि त्या गोडानं तहान जात नाही, माणूस पुन्हा पाण्याच्या कॅनपाशीच जातो. भावाचा मान राहावा म्हणून वीस बाटल्या आणा. नाचून आलेल्या पोरांना आणि लहान लेकरांना त्या पुरतात. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की न फोडलेल्या बाटल्या परत घेईल, आणि घरातला एकच माणूस बाटल्यांवर नेमा. तो माणूस जावई नसावा. जावयाला कोणी ‘नाही’ म्हणवत नाही आणि तोही कोणाला म्हणत नाही.

चहा राहिला. जानोशावर सकाळी एकदा, बिदाईच्या आधी एकदा, आणि कामाच्या माणसांना मधून मधून. सत्तर मिलीच्या ४०० कपांना दूध १५ लिटर, पाणी तेवढंच, साखर साडेतीन-चार किलो, चहापत्ती किलोभर. दुपारी चहा ठेवला तर कोणी हात लावत नाही, असं वाटते. पण म्हातारी माणसं ४५ डिग्रीतही चहा मागतातच. एक थर्मास भरून ठेवा.

इवायांना फोन करून वरात किती वाजता निघते ते आदल्या दिवशी पुन्हा विचारा. माणसं किती ते विचारू नका, त्यांनाही माहीत नसते.

प्रश्न : जय भीम काकू. आमच्या गावात १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमचं युवक मंडळ दर वर्षी नुसतं पाणी वाटते. या वर्षी वर्गणी बरी जमली म्हणून लिंबू सरबताचा स्टॉल लावायचं ठरलं. पण इथं पत्रिका नाही, यादी नाही, आसपासच्या खेड्यांतले लोकही येतात. किती गिलास लागतील याचा अंदाज कसा काढायचा? कोणी पाचशे म्हणतो, कोणी पाच हजार.
— मंडळाचा खजिनदार, ता. बाळापूर, जि. अकोला

उत्तर : जय भीम. येणारी माणसं मोजता येत नसतील तर देणारे हात मोजायचे. गर्दी कितीही असली तरी स्टॉलवरून तेवढेच गिलास जाणार जेवढे तुमची पोरं भरून देऊ शकतील.

एक पोरगा भांड्यातून गिलास भरून हातात देतो, तेव्हा मिनिटाला आठ गिलास होतात. यापेक्षा वेगानं दिलं की सांडते. दोन टेबलं मांडा, प्रत्येकाशी भरणारे दोघे. चौघे मिळून मिनिटाला ३२. आता गेल्या वर्षीची मिरवणूक आठवा : तुमच्या चौकासमोर खरी दाटी किती वेळ होती? ढोल-ताशे पुढं, मग रथ, मग बाया-मुलं. एवढं सगळं समोरून जायला मध्यम गावात पाऊण तासाच्या आत-बाहेर लागते. चाळीस मिनिटं धरली तर १२८०. आधीचे-नंतरचे तुरळक दोनशे. पंधराशे गिलास. पाच हजार म्हणणाऱ्याला विचारा की तो स्वतः टेबलामागं किती तास उभा राहणार आहे.

पंधराशे गिलास, दीडशे मिलीचे, म्हणजे २२५ लिटर. एका लिंबात अडीच गिलास होतात, म्हणून ६०० लिंबं. एप्रिलात लिंबू महाग असते, पण तुम्ही बाळापूर तालुक्यातले. वाडेगावचा लिंबाचा बाजार तुमच्या हाताशी आहे. बाजारातून शंभर-शंभर नग आणण्यापेक्षा एखाद्या बागायतदाराकडून थेट घ्या आणि कशासाठी पाहिजे ते सांगा. पिवळी, पातळ सालीची घ्या. हिरवी कडक लिंबं दिसायला मोठी, रस निम्मा. काही जण लिंबू महाग म्हणून लिंबूफुलावर, म्हणजे सायट्रिक ॲसिडवर, भागवतात. ते आंबट लागते, पण वास लिंबाचा येत नाही आणि पोरांचे दात आंबतात. फारच अडलं तर निम्मं-निम्मं करा, पूर्ण त्याच्यावर नको.

साखर २३ किलो, मीठ अर्धा किलो, थोडं काळं मीठ, बर्फ ३० किलो, पाणी १७० लिटर. साखरेचा पाक आदल्या रात्रीच करून गाळून ठेवा. गार पाण्यात ऐन वेळी साखर ढवळत बसलात तर ती तळाशी बसते. पहिले शंभर गिलास आंबट, शेवटचे शंभर गोडमिट्ट. लिंबं मात्र दुपारी तीनच्या आधी पिळू नका, रस ठेवला की कडवट होतो. आणि सगळी लिंबं कापूही नका. तीन हिस्से करा. दोन हिस्से करून ठेवायचे, तिसऱ्याचा पाक तयार, लिंबं अख्खी. दाटी असेल तर दोन बहिणी थोड्याच वेळात दोनशे लिंबं पिळून देतात. दाटी नसेल तर अख्खी लिंबं वाटून टाका, पाक पुढच्या कार्यक्रमाला चालतो.

पाण्याचा स्टॉल बंद करू नका. बरेच लोक सरबत पिऊन लगेच पाणी मागतात, आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना नुसतं पाणीच पाहिजे असते. मागं दोन मोठी पिंपं कचऱ्यासाठी ठेवा, पंधराशे कागदी गिलास थोडे नसतात. मंडळाचं नाव पिंपांवरही लिहा.

प्रश्न : काकू, मित्राच्या हळदीला आम्ही पंचवीस मित्र आहोत. रात्री वावरातल्या गोठ्यावर बसायचा बेत आहे. गाव आर्वी तालुक्यात. नागपूरहून माल आणतो. पंचवीस जणांना दारूचे किती खंबे (मोठ्या बाटल्या) आणि किती बियर लागेल, तेवढं सांगा. नाव छापू नका.
— एक मित्र, जि. वर्धा

उत्तर : बाळा, नाव छापत नाही, पण आकडाही देत नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचं सेवाग्राम तुमच्या जिल्ह्यात आहे, हे तुला माझ्याकडून कळायला नको. नागपूरहून गाडीत टाकून आणणं हाच गुन्हा, पिणं पुढची गोष्ट. हळदीच्या रात्री नवरदेवाचा मित्र ठाण्यात बसला की सकाळी वरातीची मोटार कोण चालवणार? गडचिरोलीतही १९९३ पासून हाच नियम. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली, म्हणून पोरं सांगतात की ‘आता सगळीकडं उघडं झालं.’ वर्ध्यात झालं नाही.

बंदी नसलेल्या जिल्ह्यातही दारू प्यायला परवाना लागतो, वय बियरला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागते, आणि पार्टीत वाटायची असेल तर उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढावा लागतो. तुमच्या पंचवीसातले किती जण पंचवीस वर्षांचे आहेत, ते तूच मोज.

गोठ्यावर बसा, त्याला माझी ना नाही. पंचवीस पोरं रात्रभर गाण्यावर नाचणार, तर माणशी चार गिलास लिंबू सरबत धर, दोनशे मिलीचे. वीस लिटर. पन्नास लिंबं, दोन किलो साखर, चमचाभर काळं मीठ, चार किलो बर्फ. सोबत साध्या पाण्याच्या चार कॅन. सोडा घालायचा असेल तर बाटल्या गिलासापाशीच फोडायच्या. मोठ्या गंजात ओतला तर पाच मिनिटांत त्याचा दम जातो. खायला भरीत-भाकर कर, गोठ्यावर काट्याकुट्यांचा जाळ आहेच. आणि नवरदेवाला बारा वाजता घरी सोडून ये, दुसऱ्या दिवशी त्याला उन्हात घोड्यावर बसायचं आहे.